दावा लावायचा की मध्यस्थीला बसायचं?

दाव्यात निकाल न्यायाधीश देतो. मध्यस्थीत निकाल कोणीच देत नाही. तडजोड झालीच तर ती पक्षकारांची. वादपत्र (दावा लावणाऱ्याची लेखी मागणी), लेखी म्हणणं (समोरच्याचं उत्तर), साक्ष, उलटतपासणी, युक्तिवाद आणि वर अपील, अशी दाव्याची लांब वाट. तरी मालकीहक्क ठरवून हवा असेल किंवा समोरचा मालमत्ता विकून मोकळा होण्याआधी मनाई हुकूम हवा असेल, तर तीच धरावी.

भागीदारी, वाटणी, थकलेलं बिल अशा वादांत मध्यस्थी सरस. मध्यस्थ दोघांना एकत्र, मग वेगवेगळं भेटतो. एका खोलीतलं बोलणं दुसरीत परवानगीशिवाय जात नाही. बैठक फसते ती बहुधा सहीचा अधिकार नसलेला माणूस पाठवल्यामुळे. मसुद्यात ‘लवकरात लवकर पैसे देईन’ लिहिलं की नवा वाद तयारच! रक्कम, तारीख आणि हप्ता चुकल्यास काय, हे सगळं लिहूनच सह्या घ्याव्यात. बोलणी लांबताना दावा लावण्याची मुदत उलटत नाही ना, हेही बघावं.

छोट्या वकिली कार्यालयात एकच वकील दावे लढवणं आणि मध्यस्थी करणं ही दोन्ही कामं करतो, त्याला हरकत नाही. पण ज्या वादात मध्यस्थ होता, त्याच वादात पुढे एका बाजूचं वकीलपत्र त्यानं घेऊ नये.