मागच्या सीटवर करडू: संगमनेर–पुणे शेअर कॅब

लेकीच्या बाळंतपणामुळे दोन महिन्यांत पाच फेऱ्या झाल्या, तेव्हा लिहायचा हक्क कमावलाय. नाव घेत नाही. ड्रायव्हर पोरगा गुणी आहे, त्याच्या पोटावर पाय नको.

आधी चांगलं. पहाटे ५.३० म्हणजे ५.३०, गाडी दारात. पिशव्या ओढत स्टँडवर जायला नको. डिंकाच्या लाडवांचा डबा तर त्याने स्वतःहून पुढे पायाशी घेतला. "मावशी, मागं ठेवला तर पुण्यात चुरा उतरंल." तेव्हाच कळायला हवं होतं.

मागच्या सीटच्या स्प्रिंगा कधीच्याच मेल्यात. चंदनापुरी घाट निभावतो, नारायणगावपर्यंत डुलकीही लागते. पण चाकणची कोंडी चुकवायला हा गाडी आतल्या रस्त्याला घालतो आणि मग खड्डा आला की मी सीट सोडून वर, डोकं टपाला. वय ६२. बेल्ट आहे, पण त्याचं बक्कल सीटच्या फटीत गेलंय. दोन बोटं घालून शोधलं, शेंगदाण्याची टरफलं मिळाली.

इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे डोकं आपटलं तरी आधी शब्दच आठवतो. कॅब हे कॅब्रिओलेचं तोडलेलं रूप. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निघालेली ही दोन चाकांची, एका घोड्याची हलकी गाडी. टप मागे पाडता यायचा. चालताना ती अशी उसळायची की ‘कॅब्रिओल’, म्हणजे उडी, यावरून तिचं नाव पडलं. तो शब्द आला इटालियन ‘काप्रिओला’वरून आणि मुळाशी लॅटिन ‘कापेर’, म्हणजे बोकड! १८२०च्या दशकात लंडनकरांनी शेपूट छाटून नुसतं ‘कॅब’ ठेवलं. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे पांढरे घोडे चारी पाय हवेत उचलून मागच्या लाथा झाडतात, त्या उडीचं नाव कॅप्रिओल. तीही याच कळपातली. फक्त घोड्याला ती वर्षानुवर्षं शिकवावी लागते. करडाला कोण शिकवतं? दावं सुटलं की टणाटण, वाकडंतिकडं, विनाकारण.

राजगुरुनगरच्या चहाला हे सगळं त्याला सांगितलं. त्याच्या घरी शेळ्या आहेत. बशी फुंकत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी गाडीच्या नावात शेळी? संगमनेरीच आसंल मग!" आमच्या तालुक्याच्या नावाची शेळीची जातच आहे, त्यामुळे वाद घालता येईना.

तर भाडं वाजवी, वेळ चोख, गाणी जरा मोठ्याने. तीन तारे. स्प्रिंगा बदलल्या आणि बक्कल बाहेर काढलं की चौथा देईन. तोवर आदल्या रात्री फोन करून पुढची सीट मागा. ५० रुपये जास्त घेतात, द्या.