शिबिरातली हार्मोन तपासणी: पैसे भरण्याआधी हे वाचा

मालवणात एका मंगल कार्यालयात 'महिला हार्मोन शिबिर' भरलं होतं. रक्त आणि थुंकी दोन्ही तपासून साडेसहा हजार. मी 49 वर्षांची, पाळी कधी येते कधी नाही. थोरल्या जाऊबाईंची जाऊन तीन वर्षं झालेली. दोघींनाही रात्री अंगातून वाफा निघायच्या, झोपेचं खोबरं झालेलं. हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का, हे विचारायला गेलो. पांढरा कोट घातलेल्या मॅडम म्हणाल्या, लेव्हल कळल्याशिवाय उपचार सुरूच करता येत नाहीत.

सगळी लबाडी त्याच वाक्यात होती. पंचेचाळिशीनंतर पाळी बिघडली, वाफा येऊ लागल्या, की निदान लक्षणांवरूनच होतं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या 2015 च्या सूचनांनुसार या वयात त्यासाठी एफएसएच (बीजांडकोशाला चालना देणारं हार्मोन) तपासायची गरज नाही, कारण तो आकडा आज वर तर पुढच्या आठवड्यात खाली. चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर मात्र ही तपासणी लागते, ती टाळू नका. थुंकीवरून डोस ठरवण्याला तर काही आधारच नाही.

रिपोर्ट मात्र झकास, रंगीत. जाऊबाईंचं इस्ट्रॅडिऑल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन हार्मोन, 14, लाल पट्टीत. शेजारी 'नॉर्मल' म्हणून 100 ते 400 छापलेलं. नंतर कुडाळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवला, तर त्यांनी पहिलं बोट त्याच रकान्यावर ठेवलं. 100 ते 400 ही पातळी पाळी चालू असलेल्या बाईची, तीही चक्राच्या मध्यावरची. पाळी गेल्यावर 30 च्या खाली असणं नेहमीचंच. तिशीतल्या मुलीचं माप लावून सासूबाई झालेल्या बाईला आजारी ठरवलं होतं!

रिपोर्ट दाखवून शिबिरवाल्यांनी गळ्यात मारलं 'नैसर्गिक हार्मोन क्रीम', महिन्याला 2,800, आणि दर महिन्याला फेरतपासणी. माझा आकडा वाढलेला निघाला तेव्हा जाऊबाई हरखून म्हणाल्या, "आकडो वाढलो गो तुझो!" क्रीम न लावताही तो असाच वरखाली झाला असता.

क्रीमच्या डबीवर ना बॅच नंबर, ना मुदत, ना लायसन्स नंबर. इथे डॉक्टर चिडल्या. यात खरंच इस्ट्रोजेन असेल, तर गर्भाशय असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच. नाहीतर आतलं अस्तर जाड होत जातं आणि कर्करोगाचा धोका वाढतो. जाऊबाईंना मध्ये लाल डाग दिसला होता. शिबिरवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "हार्मोन जागे होतायत." पाळी गेल्यावर असा डाग दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा असतो! सोनोग्राफीत अस्तर पातळ निघालं, तेव्हा आम्ही श्वास सोडला.

डॉक्टरांनी विचारलं ते वेगळंच: ब्लड प्रेशर, घरात स्तनाचा कर्करोग कुणाला होता का, पायात रक्ताची गुठळी कधी झाली होती का. मॅमोग्राफी सांगितली. रक्तातून फक्त थायरॉइड पाहिलं, कारण त्याची लक्षणं यात मिसळतात.

पैसे मागितले तर "पुढच्या शिबिरात बघू". पुढचं शिबिर झालंच नाही. पावतीवर 'वेलनेस सल्ला शुल्क' एवढंच, तपासणीचा उल्लेख नाही, रिपोर्टवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे अशा डब्या, रिपोर्ट असतील तर फेकू नका. तक्रारीला तेवढाच पुरावा आहे.