ऑर्किडचा दांडा: अर्ध्यावर कापायचा की बुडातून?

साताऱ्यात आमच्या पूर्वेच्या गॅलरीत फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची कुंडी आहे. फुलं गळून पाच महिने झाले, झाड नुसतं बसून. दांडा हिरवा होता, म्हणून प्रश्न पडला.

पहिला मार्ग, खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या जरा वर कापायचं. पेरातून फाटा फुटला तर दोन-तीन महिन्यांत फुलं दिसतात, पण कमी आणि लहान. शिवाय अशक्त झाडाची उरलीसुरली ताकद त्यातच जाते. चार-पाच जाड, ताठ पानं असतील तरच हा लोभ धरावा.

दुसरा, बुडाशी बोटभर ठेवून दांडा काढून टाकायचा. मग झाड पानं आणि मुळं धरतं. वाट मोठी, पण फूल भरघोस. नवा दांडा यायला काही आठवडे रात्री गार लागतात, साधारण १५ ते १८ अंश. ते आपल्याकडे नोव्हेंबरात फुकट मिळतं! फक्त थंडीचा कडाका पडला की कुंडी रात्री आत घ्या.

माझ्या झाडाची पानं सुरकुतलेली, म्हणून मी बुडातूनच कापला. कात्री आधी गॅसवर तापवून गार केली, कापाला दालचिनीची पूड लावली. मुळांना मात्र ती लावू नका, सुकतात. आता पाणी मुळं चंदेरी दिसली की, हिरवी असताना नाही. परवा पानाच्या बगलेत हिरवं टोक दिसलं. टोक गोल आणि चकचकीत, म्हणजे मूळच. दांडा असता तर चपटा, मिटल्या हातमोज्यासारखा असता.

डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडवाल्यांनी हे करू नये. त्याच्या जुन्या काड्यांवरही फुलं येतात.