सॅमसंग ८७० ईव्हो एसएसडी : जुन्या घरगुती संगणकासाठी कितपत योग्य?

२०१४-१५ च्या सुमारास असेंबल करून घेतलेले डेस्कटॉप अजूनही पुष्कळ घरांत आहेत. चौथ्या पिढीचा इंटेल कोअर आय३ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबी किंवा १ टीबीची हार्ड डिस्क अशी त्यांची साधारण रचना असते. आमच्या घरचा संगणक याच पठडीतला आहे. मराठी टंकलेखन, मुलांचा शाळेचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, वीजबिल, सातबारा उतरवून घेणे आणि फोटोंचा साठा, एवढीच कामे त्याच्यावर होतात. या कामांना त्याचा प्रोसेसर कमी पडण्याचे काही कारण नव्हते. तरीही बटण दाबल्यापासून कामाला बसता येईपर्यंत चार-पाच मिनिटे जात आणि ब्राउझर उघडायला घेतला की माउसचा बाण जागच्या जागी थिजत असे. अशा यंत्रातील हार्ड डिस्कची जागा सॅमसंगच्या ५०० जीबी क्षमतेच्या ८७० ईव्हो या एसएसडीने, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हने, घेतल्यावर काय बदलले, काय बदलले नाही आणि हा खर्च कोणी करावा, हे येथे सांगायचे आहे. माझे मत आधीच नोंदवतो: जुन्या संगणकावर करता येण्याजोग्या सर्व खर्चांत हा सर्वांत गुणकारी खर्च आहे, मात्र तो करण्याआधी दुखणे नेमके कोठे आहे हे पाहणे आवश्यक आहे.

ते पाहण्यासाठी कोणालाही बोलवावे लागत नाही. संगणक सुरू झाल्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्या वापराची टक्केवारी दिसते. आमच्याकडे प्रोसेसर १५-२० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडून बसलेली होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट खालच्या ओळीत होती. डिस्क पूर्ण व्यग्र असतानाही प्रत्यक्षात वाचली जाणारी माहिती सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी एवढीच होती. हे लक्षण दिसले की प्रोसेसर, विषाणू किंवा विंडोज यांना दोष देण्यात अर्थ उरत नाही. याउलट डिस्क शांत असून मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल, तर आधी रॅम वाढवावी. आणि प्रोसेसरच सतत १०० टक्क्यांवर असेल, तर एसएसडी घेऊन फारसा फरक पडणार नाही.

हार्ड डिस्क एवढी व्यग्र राहूनही एवढे कमी काम का करते, हे तिच्या रचनेतच आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद घेते. हवा असलेला तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ जातो आणि ते टोक योग्य वर्तुळावर सरकण्यात त्याच्या दुप्पट वेळ जातो. परिणामी वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर अशी डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपासच तुकडे वाचू शकते. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना मात्र हजारो लहान फाइली निरनिराळ्या ठिकाणांहून लागतात. त्यातच मागच्या बाजूला अँटिव्हायरसची तपासणी, अद्ययावतीकरण आणि शोधसूची तयार करण्याचे काम सुरू झाले, की सगळ्यांची मागणी त्या एकाच टोकाकडे येते. एसएसडीत फिरणारा भागच नसल्यामुळे हा शोधाचा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास येतो.

म्हणूनच खोक्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्याने कोणी हुरळून जाऊ नये. ८७० ईव्होचा वाचण्याचा वेग सेकंदाला ५६० एमबी आणि लिहिण्याचा ५३० एमबी असा कंपनी सांगते. ही एका सलग मोठ्या फाइलची गोष्ट आहे, आणि तेथे जुनी हार्ड डिस्कही शंभर-सव्वाशे एमबीपर्यंत जाते. म्हणजे फरक चार-पाच पटींचाच राहतो. घरच्या वापरात जो बदल जाणवतो तो लहान फाइलींचा आहे, आणि तेथील अंतर शेकडो पटींत जाते.

खर्चाआधी बिनखर्चाचे उपाय करून घ्यावेत, कारण एसएसडी बसवल्यावरही ते उपयोगीच ठरतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप या भागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची यादी असते. प्रिंटरच्या शाईची सूचना देणारा कार्यक्रम, एके काळी बसवलेले फोन जोडण्याचे साधन, संदेशवहनाची ॲप्स आणि खेळांचे लाँचर तेथून बंद केले तरी ती साधने गरजेच्या वेळी उघडता येतातच. अँटिव्हायरस आणि ध्वनीचे ड्रायव्हर मात्र चालू ठेवावेत. मुदत संपलेला अँटिव्हायरस पडून असेल तर तो काढून टाकावा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे. सी ड्राइव्हमध्ये दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी. सेटिंग्जमधील स्टोरेज विभागातून तात्पुरत्या फाइली काढता येतात. पण त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही असतो, त्यामुळे खूण करण्यापूर्वी यादी नीट वाचावी. घरातील एखाद्याची महत्त्वाची कागदपत्रे तेथेच पडलेली असण्याची शक्यता फार मोठी असते.

एका क्लिकमध्ये संगणक वेगवान करून देण्याचे आश्वासन देणारी सॉफ्टवेअर मात्र घेऊच नयेत. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, आणि त्यांनी नको ते पुसले तर विंडोज नव्याने टाकण्याची वेळ येऊ शकते. शिवाय अशी साधने स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. आमच्या परिसरातील एका दुरुस्ती करणाऱ्याने फॉरमॅट मारून देतो, असे सुचवले होते. फॉरमॅटने काही आठवडे बरे वाटते, परंतु तबकडीचा वेग आहे तेवढाच राहतो आणि अद्ययावतीकरणे परत आली की मूळ तक्रारही परत येते.

बसवण्याचे काम घरी करण्याजोगे आहे. डेस्कटॉपच्या जुन्या कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कची जागा असते आणि ही एसएसडी अडीच इंची व ७ मिलिमीटर जाडीची आहे. खोक्यात ना ब्रॅकेट मिळते, ना केबल, ना स्क्रू. या किमतीच्या वस्तूत एवढे तरी असायला हवे होते, असे मला वाटते. ब्रॅकेट व ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बाजारात किरकोळ किमतीत मिळते. वीज बंद करून प्लग काढावा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरवावा आणि मग हात घालावा. एच८१ मदरबोर्डवर साटाचे चार पोर्ट असतात. त्यांतील दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. पोर्टशेजारी बोर्डवर बारीक अक्षरांत तसे लिहिलेले असते आणि अनेक बोर्डांवर त्यांचे रंगही निराळे असतात. एसएसडी ६ गिगाबिटच्या पोर्टला जोडावी. जुन्या बोर्डवर केवळ ३ गिगाबिटचेच पोर्ट असतील तरीही खरेदी वाया जात नाही. सलग वाचनाचा वेग निम्म्यावर येतो, परंतु लहान फाइलींचा फायदा जवळपास तसाच राहतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, साटाची पद्धत एएचसीआय आहे ना, एवढे पाहावे. ती आयडीई ही जुनी पद्धत असेल, तर आहे त्या विंडोजसह ती थेट बदलू नये, कारण संगणक निळ्या पडद्यावर अडकण्याचा संभव असतो. त्या परिस्थितीत नवे विंडोज टाकणेच सोपे.

विंडोज नव्याने टाकावे की जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्यावी, हा प्रश्न मराठी घरांत थोडा वेगळा आहे. अनेकांकडे युनिकोडपूर्व काळातील, म्हणजे सर्व संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत येण्याआधीचे, मराठी फॉन्ट व त्यांचे कीबोर्ड आराखडे असतात, त्यांची सीडी केव्हाच हरवलेली असते आणि त्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर फॉन्टशिवाय उघडला तर वाचता येत नाही. अशा घरी क्लोन करणे, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत उतरवणे, श्रेयस्कर. सॅमसंगच्या मॅजिशियन या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये माहिती स्थलांतरित करण्याची सोय आहे. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या साधनाने जुन्या डिस्कची प्रकृती तपासावी. ते पिवळ्या रंगात इशारा देत असेल, तर क्लोनच्या मागे लागण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत, कारण थकलेल्या डिस्कला सलग काही तास वाचायला लावणे जोखमीचे असते. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी, म्हणजे यंत्र खरोखर एसएसडीवरून सुरू होत आहे याची खात्री पटते. नंतर विंडोजमध्ये ५०० जीबीऐवजी ४६५ जीबी दिसतील; ते मोजण्याच्या पद्धतीमुळे आहे, फसवणूक नव्हे.

आता परिणाम. चार-पाच मिनिटांचा आरंभ अर्ध्या मिनिटाच्या आत आला. वर्ड आणि ब्राउझर क्लिक केल्याबरोबर उघडतात. अद्ययावतीकरण चालू असतानाही पत्र टंकता येते, आणि मला स्वतःला हा बदल आरंभीच्या वेगापेक्षाही अधिक मोलाचा वाटतो. कॅबिनेटमधून येणारी ती सततची करकर पूर्ण थांबली.

न बदललेल्या गोष्टीही स्पष्ट सांगायला हव्यात. ४ जीबी रॅमवर ब्राउझरच्या दहा-बारा टॅब उघडल्या की पूर्वीइतके नसले तरी अडखळणे राहिलेच. आम्ही दोन्ही बदल मुद्दाम एकाच वेळी केले नाहीत, त्यामुळे हे वेगळे लक्षात आले. नंतर ४ जीबीची आणखी एक डीडीआर३ पट्टी रिकाम्या खाचेत बसवल्यावरच तो त्रास गेला. एच८१ बोर्डवर रॅमच्या खाचा दोनच असतात, तेव्हा पट्टी घेण्यापूर्वी एक खाच मोकळी आहे का, ते पाहावे. यूट्यूबवरील उच्च दर्जाचे व्हिडिओ अजूनही प्रोसेसरला दमवतात. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्सला व्हीपी९ हा व्हिडिओचा प्रकार स्वतःहून उलगडता येत नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. दर्जा ७२०पी ठेवला की प्रश्न मिटतो. इंटरनेटचा वेग अर्थातच आहे तेवढाच राहतो.

किमतीच्या बाबतीत मात्र या उत्पादनाविषयी माझे मत थोडे हातचे राखून आहे. ८७० ईव्होमध्ये स्वतःची डीरॅम कॅशे, म्हणजे कामाचा वेग टिकवणारी छोटी जलद मेमरी, आहे आणि ५०० जीबीच्या मॉडेलला ५ वर्षे किंवा ३०० टीबी लेखन, यांपैकी जे आधी येईल तेथपर्यंत वॉरंटी आहे. ३०० टीबी पाच वर्षांत संपवायचे तर रोज सुमारे १६४ जीबी लिहावे लागतील. साध्या घरगुती वापरात रोज २० जीबीही लिहिले जात नाहीत. स्वस्त गटातील क्रुशलची ४८० जीबीची बीएक्स५०० घेतली, तर तिला डीरॅम कॅशे नाही, वॉरंटी ३ वर्षे किंवा १२० टीबी आहे. तरीही संगणक सुरू होणे आणि कार्यक्रम उघडणे यांत दोघींतील फरक डोळ्यांना कळणार नाही. लग्नसमारंभाचे मोठे व्हिडिओ वारंवार साठवणाऱ्यांनी, किंवा हीच एसएसडी पुढे दुसऱ्या संगणकात वापरण्याचा विचार असणाऱ्यांनी ८७० ईव्हो घ्यावी. केवळ टंकलेखन व ब्राउझर एवढीच गरज असेल, तर एखाद्या नामांकित कंपनीची स्वस्त एसएसडी घेऊन उरलेल्या पैशांत रॅम वाढवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचे बिल मागून घ्यावे आणि बसवल्यावर मॅजिशियन उघडून पाहावे. ड्राइव्ह अस्सल आहे की नाही हे ते सॉफ्टवेअर सांगते.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला मोजके अपवाद वगळता इंटेलचे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात. चौथ्या पिढीचे डेस्कटॉप त्यामुळे अधिकृतपणे बाहेर राहतात. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अद्ययावतीकरणे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळणार होती. ज्या संगणकावर बँकेची कामे होतात, तेथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही विनामूल्य कार्यप्रणाली टाकण्याचा पर्याय गंभीरपणे तपासावा. एसएसडीवर ते उत्तम चालते आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात उपलब्ध आहे. फक्त विंडोजसाठी बनलेली जुनी मराठी टंकलेखनाची सॉफ्टवेअर तेथे चालतील असे धरून चालू नये. ती अत्यावश्यक असतील, तर तो संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ टंकलेखनापुरता ठेवणे बरे.

एसएसडीला धक्क्यांची फारशी भीती नसते, परंतु अचानक वीज जाण्याने तिच्यावरील माहितीलाही अपाय होऊ शकतो, म्हणून पावसाळ्यात जेथे वीज येते-जाते तेथे यूपीएस असावाच. तसेच हार्ड डिस्क बहुधा आवाज करून किंवा मंदावून पूर्वसूचना देते. एसएसडी अनेकदा कोणतीही सूचना न देता बंद पडते आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळवणे फार अवघड असते. काढलेली जुनी हार्ड डिस्क तपासणीत निरोगी आढळली असेल, तर ती बाहेरच्या डबीत घालून फोटो व कागदपत्रांच्या दुसऱ्या प्रतीसाठी वापरावी, आणि प्रत उतरवून झाली की संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी.