एअरब्रशचे आठ महिने: मुखवटे, सुई आणि खोलीतली हवा

यंदाच्या महालक्ष्म्या झाल्या, गिऱ्हाइकांचे मुखवटे ज्याच्या त्याच्या घरी पोचले, तेव्हा कुठे हे लिहायला सवड मिळाली. परभणीत घरच्या घरीच मी मुखवटे रंगवून देते. शाडूचे, प्लास्टरचे, काही तर सासूच्या सासूपासून चालत आलेले. इतकी वर्षं सगळं काम ब्रश आणि स्पंजवर केलं, पण गालावरची लाली कधी मनासारखी उतरली नाही. कितीही हलक्या हातानं टिपा, जवळून पाहिलं की कड दिसायचीच. त्या लालीसाठी म्हणून संक्रांतीनंतर एअरब्रश घेतला, म्हणजे हवेच्या दाबानं रंगाचा बारीक फवारा मारणारा ब्रश.

माझा ब्रश ड्युअल ॲक्शन (एकाच ट्रिगरनं हवा आणि रंग दोन्ही सोडणारा), वर रंगाचा कप असलेला, ०.३ मिमी सुईचा आहे. सोबत हवा दाबून भरणारा, तीन लिटर टाकीचा छोटा कॉम्प्रेसर. टाकीवालाच घ्या. बिनटाकीच्या यंत्रात पिस्टनचा प्रत्येक ठोका हवेत उमटतो आणि बारीक कामात तो दिसतो. टाकी असली की मोटर ४ बार दाबाला आपोआप बंद होते, ३ बारला पुन्हा सुरू होते, आणि हवा एकसारखी येते.

लालीचं म्हणाल तर पैसे वसूल झाले. प्रेशर १५ पीएसआय (साधारण एक बार), ब्रश बोटभर लांब, रंग दुधासारखा पातळ. एका दमात लाल करायला जायचं नाही. दिसेल न दिसेल असे चार-पाच हात मारायचे, मधे वाळू द्यायचं. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. नाहीतर पुढच्या वेळी पहिलाच ठिपका गालावर पडतो. डोळ्यांची आखणी मात्र अजून साध्या ब्रशनंच करते आणि करत राहीन. तिथं हाताला टेकू लागतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पहिल्याच महिन्यात मुकुटाच्या सोनेरी काठाला मी थिनरचा रंग मारला. धूळ बसू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, तोंडाला स्कार्फ बांधला होता. तासाभरात डोकं असं भणभणलं की भिंत धरून बाहेर आले. शेजारी दुचाकीच्या टाक्या रंगवणारे एक भाऊ आहेत. त्यांनी दारातूनच वास घेतला आणि म्हणाले, "ताई, काय मारायलात? थिनर हाय न हे? अन् स्कार्फ बांधून? त्यानं नुसती धूळ अडते, वास सगळा आत जायलाय तुमच्या!" आत जाऊन त्यांनी आपला दोन डबड्यांचा मास्क आणून दाखवला.

त्या दिवशी मला फरक कळला. एन-९५ रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ नाही. वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो आणि त्यावर कणांसाठी फिल्टरही. तो चेहऱ्याला चपखल बसायला हवा. कार्ट्रिजवर तळहात ठेवून श्वास आत ओढला की मास्क गालाला चिकटला पाहिजे. दाढीवर तो बसतच नाही, म्हणून ते भाऊ रोज गुळगुळीत दाढी करतात. काम झालं की कार्ट्रिज हवाबंद पिशवीत ठेवायचे, उघडे राहिले तर नुसते पडून संपतात.

शिवाय थिनर पेट घेतो. कॉम्प्रेसरची मोटर, साधा एक्झॉस्ट फॅन, बटण, कुठूनही ठिणगी पडू शकते. मी थिनरचे रंग एअरब्रशमधून मारणं बंदच केलं. भाऊंनी वरून गाडीचा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारून चमक आणायचा विचार सांगितला, पण लगेच स्वतःच म्हणाले, "घरात नको." हार्डनर घातलेल्या त्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं कायमचा दमा जडू शकतो आणि वासावरून आधी काही कळत नाही. त्या कामाला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. मी पाण्यातलं वार्निश वापरते. चमक थोडी कमी, पण चालते.

ॲक्रिलिकला वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बाटलीवर बिनविषारी लिहिलेलं असतं ते ब्रशनं लावण्याच्या हिशोबानं. एअरब्रश त्याच रंगाचं धुकं करतो आणि त्यातले बारीक थेंब थेट फुप्फुसात उतरतात. एकदा मास्क न लावता दोन मुखवटे केले, रात्री नाक शिंकरलं तर रुमालावर गुलाबी रंग. त्यानंतर पाच मिनिटांच्या कामालाही एन-९५ लावते. कॅडमियम किंवा क्रोमियमचे रंग फवारतच नाही.

हवेची सोय अशी केली: खिडकीत पुठ्ठ्याचं खोकं, त्यामागे एक्झॉस्ट, मुखवटा खोक्याच्या तोंडाशी. उन्हाळ्यात कूलर लावल्याशिवाय इथं बसवत नाही, पण पहिल्यांदा तो समोर ठेवला आणि सगळं धुकं माझ्याच तोंडावर परत आलं. आता कूलर पाठीमागे. हवा माझ्या पाठीवरून खिडकीकडे जाते.

मे महिन्यानं दुसरं शिकवलं. पारा ४२-४३ वर गेला की रंग सुईच्या टोकावरच वाळतो. तिथं इवलीशी गाठ बसते, मग फवारा थुंकल्यासारखा अडखळतो. रंगात रिटार्डरचे (रंग सावकाश वाळावा म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन-तीन थेंब आणि दर काही मिनिटांनी ओल्या मऊ ब्रशनं टोक पुसणं, एवढ्यानं भागतं. पहाटेचं काम सगळ्यात उत्तम.

सफाई जिवावर येते हे मान्य, पण सगळा खेळ तिथंच आहे. रंग बदलताना कप पुसायचा, पाणी घालून फवारायचं. हवेत नाही, झाकणाला भोक पाडून आत ओलं फडकं ठेवलेल्या बरणीत. आपण काम संपलं म्हणून मास्क काढतो आणि मगच हे करतो, ते चूक. मास्क सगळ्यात शेवटी काढायचा. नोझलवर (जिथून फवारा निघतो त्या टोकावर) घडी केलेलं फडकं अलगद दाबून हवा सोडली की कपात बुडबुडे येतात आणि अडकलेला रंग वर येतो. हे कमी प्रेशरवर करायचं आणि बोट लावायचं नाही. दाबाची हवा कातडीत घुसू शकते.

आमच्या बोअरचं पाणी जड. सुरुवातीला त्याच पाण्यानं धूत होते, तर आठवड्यात कपाच्या तळाशी पांढरा थर. आता शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्यानं. इन्व्हर्टरसाठी दुकानात मिळतं तेच, ॲसिडची बाटली नव्हे. काच पुसायचं अमोनियाचं निळं लिक्विड आत ठेवून देऊ नका, ते पितळ खातं. आणि अख्खा ब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवला तर आतल्या रबरी रिंगा फुगतात.

सुई काढताना आधी हवा बंद करून नळीतला दाब सोडायचा. मग सुई मागून ओढायची आणि टिश्यूत धरून फिरवत फिरवत मागून टोकाकडे पुसायची. उलट पुसली की टोक वाकलंच. माझी पहिली सुई नुसती टेबलावर आपटली. उन्हात धरून पाहिलं तर केसाएवढा आकडा झाला होता आणि फवारा एका बाजूला जात होता. नोझल तर त्याहून नाजूक. "घट्ट बसलं पाहिजे" म्हणून पान्ह्यानं जास्त पिळलं आणि ते तडकलं. लक्षण असं की कपात आपोआप बुडबुडे येत होते. नवीन नोझल यायला बारा दिवस लागले. तेव्हापासून एक सुई आणि एक नोझल जादा ठेवलेलं असतं.

पावसाळ्यात जो धक्का बसला तो कॉम्प्रेसरचा. श्रावणात एका घरच्या जुन्या ज्येष्ठेच्या गालावर शेवटचा हात चालू होता आणि फवाऱ्याबरोबर पाण्याचा टपोरा थेंब आला. लाली ओघळून हनुवटीपर्यंत. पॉलिश पेपर घेऊन सगळा गाल पुन्हा करावा लागला. झालं होतं असं, की दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साठतं आणि मी टाकीखालचा स्क्रू महिनाभर उघडलाच नव्हता. उघडला तर दोन चमचे तांबूस पाणी निघालं. आता रोज काम संपताना दाब उतरवून टाकी रिकामी करते आणि ब्रशजवळ नळीला पाणी अडवणारा छोटा वॉटर ट्रॅप लावलाय. मोटर गरम होते म्हणून वीस मिनिटांनी थोडी विश्रांती. अर्थिंग तपासून घ्या, ओल्या हातानं बटण नको.

सेलूच्या माझ्या जाऊबाईंनाही एअरब्रश घ्यायचा आहे. त्यांची कामाची खोली मी पाहिली आहे: एक दार, वर पत्रे, खिडकी नाही. मी म्हटलं, यंत्राचं नंतर बघा, आधी हवेची सोय करा. त्यांनी भिंत फोडायला गवंडी सांगितलाय. एक्झॉस्ट बसला की दोघी मिळून ब्रश मागवणार आहोत.