राहतं घर मुलांना द्यायचंय: बक्षीसपत्र आत्ता की मृत्युपत्र नंतर?

वकिलाकडे येणारे बरेच ज्येष्ठ पहिल्याच वाक्यात म्हणतात, "वारसा कर लागू नये म्हणून फ्लॅट आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकतो." हा कर भारतात आज अस्तित्वातच नाही. १९५३ च्या कायद्याने आलेलं मृत्यूनंतरचं संपत्ती शुल्क १९८५ मध्ये रद्द झालं. करापायी घाई करायचं कारण नाही. मग उरतात दोन प्रश्न: मुद्रांक शुल्क किती, आणि सही केल्यावर घरावर आपला ताबा किती राहतो. आमच्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

आधी खर्च बघू. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा मयत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. 'दोनशे रुपयांत काम होतं' हे इथूनच आलं. मात्र महापालिका हद्दीत बाजारमूल्यावर स्थानिक अधिभार वेगळा लागतो. तो १ टक्का धरला तरी १ कोटी २० लाखांच्या फ्लॅटला १ लाख २० हजार होतात, आणि अर्जदार चमकतो ते दुय्यम निबंधकाच्या टेबलापाशी. म्हणून मसुद्याआधी मूल्यांकन काढून घ्या. दुकान किंवा गाळा असेल तर सवलत नाही. मुलाला दिला तरी ३ टक्के. भावाबहिणीला राहतं घर दिलं तरी ३ टक्केच. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. तरी ती करावी, कारण शुल्क नाममात्र असतं आणि पुढे 'सही बाबांची नाहीच' हा वाद बराच सौम्य होतो.

प्राप्तिकरात दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या. मुलाला मिळालेलं बक्षीस करमुक्त, मृत्युपत्राने आलेलंही करमुक्त. पुढे त्याने घर विकलं की वडिलांची खरेदी किंमत आणि त्यांचा धारणकाळ त्याच्या खात्यात येतो. समजा, फ्लॅट १९९६ मध्ये ८ लाखांना घेतला, १ एप्रिल २००१ चं मूल्य १० लाख निघालं (त्याआधीच्या खरेदीला किमतीऐवजी हे मूल्य धरता येतं), आणि मुलाने तो १ कोटी २० लाखांना विकला. १० लाख वजा जाता नफा १ कोटी १० लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी कर १३ लाख ७५ हजार, उपकर वेगळा. घर कुठल्याही कागदाने आलेलं असो, आकडा तोच. एक फरक मात्र सीएला विचाराच. घर बायकोच्या किंवा सुनेच्या नावाने बक्षीस केलं तर भाड्याचं उत्पन्न देणाऱ्याच्याच विवरणपत्रात मोजलं जातं. मृत्युपत्रात हा पेच नाही.

आता ताबा. नोंदलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. सून रागावली, मुलगा परदेशी गेला, घर विकून वृद्धाश्रमाची अनामत भरायची वेळ आली, तरी मालक आता मुलगा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ आधार देतं, पण त्यात अट आहे: सांभाळण्याच्या बोलीवर मालमत्ता दिली हे दिसलं पाहिजे. म्हणून बक्षीस द्यायचंच असेल तर ही बोली कागदातच लिहा, आणि तहहयात राहण्याचा व भाडं घेण्याचा हक्क राखून ठेवा. टंकलेखकाकडच्या तयार नमुन्यात ही दोन्ही कलमं बहुधा नसतात. वकिलाला पैसे द्यायचे ते यासाठी. घरावर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी.

मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं. त्याची अडचण नंतर सुरू होते. दोन साक्षीदार हवेत, शक्यतो तुमच्यापेक्षा तरुण, आणि ज्यांना काही मिळणार ते नकोत. ख्रिश्चन किंवा पारशी मृत्युपत्रात साक्षीदाराला दिलेला हिस्सा बाद होतो. हिंदूंच्या बाबतीत तो बाद होत नसला तरी संशयाला जागा मिळते. डॉक्टरांचा दाखला सहीच्याच दिवसाचा घ्या. 'माझी उर्वरित सर्व मालमत्ता' हे कलम विसरलं की नंतर उघडलेली ठेव वाऱ्यावर राहते. मुंबईत पूर्वी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर, सक्तीचं करणारं कलम २०२५ च्या डिसेंबरात वगळलं गेलं, पण भावंडांत वाद असेल तर प्रोबेटचाच रस्ता भक्कम. आणि सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणजे मालकी दिली असं नाही. नॉमिनी हा तात्पुरता सभासद, वारस ठरेपर्यंत.

दोन प्रसंगांत निवड जवळपास आपोआप होते. सातबाऱ्यावर शेतजमीन आहे आणि मुलगा अनिवासी भारतीय: शेतजमीन त्याला बक्षीस देता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. म्हणजे मृत्युपत्रच. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबातला न वाटलेला हिस्सा बक्षीस देता येत नाही, पण हिंदू माणूस मृत्युपत्राने आपला हिस्सा देऊ शकतो. उलट, एकाच मुलीने सांभाळलं आहे आणि इतर भावंडं नंतर भांडणार हे दिसतंय, अशा घरी हक्क राखून केलेलं बक्षीसपत्र सरस, कारण देणारा जिवंत असताना सगळं उरकतं. गोव्यातली मालमत्ता असेल तर हा हिशेब बाजूला ठेवा. तिथे निम्मा वाटा सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो आणि तिथल्याच वकिलाला गाठावं लागतं.

परदेशातल्या मुलांचं वेगळं. अमेरिकेत राहणाऱ्याला वर्षात १ लाख डॉलरहून जास्त बक्षीस किंवा वारसा परदेशी व्यक्तीकडून मिळाला तर फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं. कर नसतो, पण न कळवल्यास दंड जबर.

सल्ला घ्यायचा क्रम: आधी सीएकडे एक बैठक, मग वकील. सोबत सूची क्रमांक २ (नोंदणीचा 'इंडेक्स टू' उतारा), सोसायटीचं भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), मूळ करारनामा, कर्जाचं खातं आणि सगळ्या वारसांची यादी, मुलीही धरून. वकिलाने 'मुलींची संमती कशाला' म्हटलं तर दुसरा वकील बघा. वडील मृत्युपत्राशिवाय गेले तर हिंदू वारसांत मुलीचा वाटा मुलाइतकाच. तिला तो सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागतं, तोंडी 'मला काही नको' चालत नाही.