गणपती पेठेतलं फोम-रेक्झिनचं दुकान (गाडीच्या सीटा घरी शिवणाऱ्यांनी नक्की वाचा)

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. आताच्या पोरांना माहीत नसेल, १९९८ ला आलेली आपल्याच देशातली दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, फायबरची बॉडी आणि रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. बॉडी गंजत नाही पण माझ्या गाडीचं हूड (वरचं कापडी छत) गळकं, त्यामुळे आतलं सगळं कुजलेलं, सीट दाबली की फोमची पिवळी पूड खाली पडायची. एका मोठ्या शहरात सीट कव्हरवाल्याकडे नेली तर तो म्हणाला वरून रेडीमेड कव्हर चढवतो, आत काय झालंय ते बघितलं पण नाही. कुजक्या फोमवर नवं कव्हर मला पटेना, म्हटलं आपणच घरी करू.

ऑनलाइन रेक्झिन मागवलं ते पुठ्ठ्यासारखं निघालं, पैसे पाण्यात. मग सांगलीत गणपती पेठेतल्या या दुकानात गेलो, आणि खरं सांगतो, मी मागितलं ते दुकानवाल्या काकांनी दिलंच नाही. मी एक मऊ फोम दाबून बघितला, आवडला, म्हटलं हा द्या, तर म्हणाले, "दादा ह्यो गादीचा हाय, गाडीत घातला तर सहा महिन्यात बसंल." मग नीट समजावलं की डेन्सिटी ४० म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो, तो आकडा कडक-मऊपणाचा नाही तर टिकण्याचा आहे. बुडाला ४० चा आणि पाठीला ३२ चा दिला. महागातला सगळीकडे ४० चाच खपवता आला असता त्यांना, पण नाही खपवला.

रेक्झिनचा प्रत्येक रोल उलटा करून दाखवतात. मागे विणलेलं होजिअरीसारखं कापड असेल तर ते ताणतं आणि सीटच्या गोलाईवर बसतं, साधं सुती कापड असेल तर ताणत नाही आणि कोपऱ्यात चुण्या पडतात. माझं ऑनलाइनवालं असंच सुती होतं, तिथे कळलं. चिकटवायचं सोल्युशन फेविकॉलचं एसआर ९९८ घ्या म्हणाले, सांगलीच्या एप्रिलमध्ये बंद गाडी किती तापते ते आपल्याला माहीत आहे, साधं सोल्युशन उन्हात सुटतं. दोन्ही बाजूंना लावायचं आणि बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं, घाई केली की फुगे येतात.

शिवायला आईची पायमशीन वापरली. सुई १८ नंबरची, दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा नको, ओलीत कुजतो. रेक्झिन मशीनच्या सुईजवळच्या कापड दाबणाऱ्या पायाला चिकटून अडतं, त्यावर आईनेच थोडी पावडर टाकली आणि सरसर पुढे गेलं. टाके मोठे ठेवा, बारीक टाक्यांनी रेक्झिनला भोकांची रांग पडते आणि तिथेच फाटतं. टाचण्या अजिबात नको, एकदा पडलेलं भोक बुजत नाही, मी कपड्यांचे चिमटे लावले. जुनं कव्हर फाडू नका, टाका टाका उसवा आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर घाला, तोच तुमचा नमुना. मी पहिल्या सीटला नंबर घातले नव्हते, डावी-उजवी बाजू उलटी शिवली गेली, अख्खा रविवार परत उसवण्यात गेला. पायपिंग (शिवणीच्या कडेची गोल पट्टी) पण काकांच्या सांगण्यावरून त्याच रेक्झिनच्या तिरक्या पट्ट्या कापून केली, सरळ कापली तर वळणावर उभी राहते.

दोन सीटा आणि दोन डोअर पॅड, सगळं मिळून सात हजारांच्या आसपास गेले.

तक्रार एकच, रंग कमी ठेवतात. मला विटकरी हवा होता, तो यायला आठ दिवस लागले, आणि पार्किंगला जागा मिळत नाही, बाइकवरच जा. जाताना जुन्या कव्हरचा आणि फोमचा तुकडा सोबत न्या, हाताने दाबून ते लगेच सांगतात काय लागेल. अस्सल चामडं मिळत नाही तिथे, पण उघड्या गाडीत पावसापाण्याला रेक्झिनच बरं असं माझं मत झालंय.

काल पाऊस उघडल्यावर आईला शेजारी बसवून माधवनगरपर्यंत चक्कर मारली. सीटवर हात फिरवत म्हणाली, शिवण सरळ आलीय की रे. आता हूडचं कापड बघायला पुढच्या आठवड्यात परत तिथेच जाणार आहे.